रानवाटेवरील झाडांची ओळख

उज्जैनच्या माधव नगरातील मराठी घरांत ज्या झाडाला पळस म्हणतात, त्याच झाडाला शहराबाहेर पाऊल टाकताच माळव्यातला शेतकरी ‘खाखरा’ म्हणतो. घरातला बहावा बाजारात ‘अमलतास’ होतो, टेंभुर्णीचा ‘तेंदू’ होतो आणि काटेसावरीचा ‘सेमल’. शिंद्यांची राजधानी १८१० पर्यंत उज्जैनास होती. तेव्हापासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी समाजाने आपली भाषा निष्ठेने जतन केली. परंतु शब्द जतन करणे वेगळे आणि शब्दामागची वस्तू ओळखणे वेगळे. पळसाच्या पत्रावळीवर जेवलेल्या पिढीच्या नातवंडांना आज पळस दाखविता येईलच, असे सांगवत नाही.

ही ओळख नव्याने करून घ्यायची, तर ग्रंथापेक्षा रानवाट बरी. माळव्याच्या पठारावर डोंगर थोडे. मात्र इंदूरच्या पुढे महूच्या बाजूस विंध्याची कड लागते आणि तेथेच सुमारे साडेआठशे मीटर उंचीचे जानापाव उभे आहे. चंबळ नदीचा उगम येथला. जमदग्नी ऋषींचा आश्रम आणि परशुरामाचे जन्मस्थान म्हणूनही हा डोंगर प्रसिद्ध असून कार्तिकी पौर्णिमेस येथे जत्रा भरते. अशा विंध्याच्या उतारांवरील वन शुष्क पानझडी जातीचे आहे. साग, धावडा, सालई, मोह, टेंभुर्णी, पळस, कुडा ही त्या वनातली नेहमीची मंडळी. एवढ्यांची ओळख पटली, की वाटेवरचे निम्मेअधिक रान आपोआप परिचयाचे होते.

नवखा माणूस प्रथम फूल शोधतो आणि येथेच फसतो. फूल वर्षातून काही आठवडेच भेटते. साल बारा महिने समोर असते. टेंभुर्णीची साल काळी व भेगाळलेली, लहान लहान चौकोनी ठोकळे बसविल्यासारखी दिसते. सालईच्या खोडावरून कागदासारखे पापुद्रे सुटतात आणि जखमेतून सुगंधी डिंक पाझरतो. धावड्याचे खोड फिकट, जवळजवळ पांढरे व गुळगुळीत असते. उन्हाळ्यात पाने झडलेल्या रानात ही तीन झाडे केवळ खोडावरून ओळखता येतात.

सालीनंतर पान. पान पाहण्यापूर्वी ‘एक पान’ कशाला म्हणावे, हे ठरले पाहिजे. झाडावर हिरवे पाते दिसले म्हणजे ते पूर्ण पान असतेच असे नाही. पुष्कळदा ती संयुक्त पानाची एक पर्णिका असते. याची कसोटी सोपी आहे. पानाचा देठ जेथे फांदीला मिळतो, त्या बेचक्यात एक लहानसा डोळा, म्हणजे कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी तो डोळा नसतो. डोळ्यापासून पुढे जे काही आहे, ते सगळे मिळून एक पान.

या कसोटीने पाहिले, तर ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण वनस्पतिशास्त्राच्या भाषेत थोडी दुरुस्त करावी लागते. ती तीन पाने नसून एकाच पानाच्या तीन पर्णिका होत. शिवाय तीन पर्णिका ही एकट्या पळसाची मिरास नव्हे. बेलाला त्या आहेत, पांगाऱ्याला आहेत आणि खाजकुइलीलाही आहेत. म्हणून एका खुणेवर निर्णय देऊ नये. दुसरी खूण पहिलीची साक्ष म्हणून घ्यावी. बेलाचे पान चुरगळले की वास येतो, आणि फांदीवर काटे असतात. पांगाऱ्याच्या खोडाफांद्यांवरही काटे असतात. पळसाला ते नसतात आणि त्याच्या पर्णिका जाड व चिवट असतात. खाजकुइली तर झाडच नव्हे, वेल आहे. तिच्या शेंगांवरील सोनेरी-तपकिरी लव अंगाला लागली, तर दिवसभर खाज सुटते. रानवाटेवर तीन पर्णिकांची वेल दिसली, तर हात मागे ठेवणेच शहाणपणाचे.

पानाच्या आणखी दोन परीक्षा आहेत. सागाचे कोवळे पान बोटांत चोळले, तर बोटे लाल होतात. मोहाची पाने फांद्यांच्या टोकांशी गुच्छाने येतात, आणि पान तोडले की पांढरा चीक निघतो. परीक्षेसाठी एक पान पुरते. फांदी मोडण्याचे कारण नाही.

चिकाचा विषय निघाला, की कुड्यापाशी थांबावे लागते. कारण येथे ओळखीचा प्रश्न कुतूहलाचा न राहता औषधाचा होतो. पांढरा कुडा आणि काळा कुडा हे दोन लहान वृक्ष एकाच रानात शेजारी वाढतात. दोघांची पाने समोरासमोर जोडीने येतात, दोघांना पांढरा चीक आहे, दोघांची फुले पांढरी आणि दोघांच्या लांब शेंगा जोडीनेच लोंबतात. परंतु आयुर्वेदात कुटज म्हणून जिची साल अतिसारावर दिली जाते, तो पांढरा कुडा. त्याचे बी म्हणजे कडू इंद्रजव. काळ्या कुड्याचे ते गोड इंद्रजव. पांढऱ्याच्या सालीत काळ्याची साल मिसळली जाते, ही तक्रार औषधी द्रव्यांच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदविली आहे. तशी साल आजाऱ्याच्या पोटात गेली, तर औषध घेतल्याचे समाधान मिळेल, गुण येईलच असे नाही.

वाटेवर हा भेद शेंगांनी कळतो. काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके पिकेपर्यंत एकमेकींना चिकटलेली असतात. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा सुट्या राहतात. फुले असतील, तर काळ्याच्या फुलात मधोमध झालरीसारखा तंतूंचा झुपका दिसतो. पांढऱ्याचे फूल मधे मोकळे असते.

अशा गोंधळावर उपाय म्हणून शास्त्रज्ञ लॅटिन नावे वापरतात. स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींसाठी द्विपदी नावांची पद्धत रूढ केली. पांढरा कुडा म्हणजे होलऱ्हेना प्युबेसेन्स, काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. पण नाव लॅटिन झाले म्हणून डोळ्यांना सुट्टी मिळत नाही. जुन्या ग्रंथांत पांढऱ्या कुड्याला ‘अँटिडिसेंटेरिका’, म्हणजे अतिसारहारक, असे विशेषण आहे, आणि श्रीलंकेतील एका राइटियालाही नेमके तेच विशेषण आहे. हल्ली भ्रमणध्वनीवर छायाचित्र दाखवून नाव मिळविता येते. ती सोय चांगली आहे. मात्र यंत्राने दिलेले नाव हा तर्क समजावा आणि साल, पान, शेंग यांच्या साक्षीने तो पडताळावा.

चूक जिवावर बेतेल अशाही काही वनस्पती पावसाळ्यात वाटेवर भेटतात. कळलावीचे फूल पिवळ्या-तांबड्या ज्वालांसारखे मोहक असते. फूल नसताना तिची खूण म्हणजे पानाचे टोक. ते वळून तणाव्यासारखे होते व आधाराला विळखा घालते. तिच्या सर्वांगात, विशेषतः कंदात, कोल्चिसिन नावाचे तीव्र विष आहे. गुंजेचे लाल-काळे बी मुलांना फार आवडते, पण ते चावून खाल्ले तर प्राणघातक ठरते. रानभाजी किंवा कंद खुडण्यापूर्वी त्या रानात राहणाऱ्या भिल्ल वा भिलाला कुटुंबातील जाणत्या माणसाला विचारावे. पिढ्यानपिढ्यांचे हे ज्ञान बहुधा कोठे लिहिलेले नसते, आणि जाणता गेला की तेही जाते.

म्हणून रानवाटेवर जाणाऱ्याने सोबत एक साधी वही ठेवावी. झाडाचे मराठी नाव, माळवी नाव, महिना, साल, पान, फूल, शेंग असे रकाने पाडावेत आणि जे दिसले तेवढेच लिहावे. त्याच वाटेने चैत्रात, श्रावणात आणि मार्गशीर्षात पुन्हा जावे. एका फेरीत दहा झाडांची नावे गोळा करण्यापेक्षा तीन ऋतूंत तीन झाडे पक्की ओळखणे अधिक मोलाचे. मग ‘खाखरा’ म्हटले काय अन् पळस म्हटले काय, डोळ्यांपुढे झाड एकच उभे राहते.