वस्तऱ्याला ‘पाणी देणं’ म्हणजे नेमकं काय?

सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागात शिकलगार आडनावाची बरीच मुस्लिम घरं आहेत. शाळेत या आडनावाच्या मुलांना अर्थ विचारला, तर बहुतेकांना सांगता येत नाही. अरबीतून उर्दूत आलेला ‘सैकल’ म्हणजे झिलई आणि ‘सैकलगर’ म्हणजे हत्याराला झिलई, धार देणारा. तलवारी गेल्या तरी सुऱ्या, कात्र्या, वस्तरे राहिले होते. आता सलूनमध्ये अखंड पोलादाचा वस्तराही दिसत नाही, दांड्यात अर्धं ब्लेड अडकवतात. रक्तातून पसरणारी कावीळ आणि एचआयव्ही यांचा धोका पाहता ते योग्यच आहे. अकीक्याला बाळाचे केस उतरवतानासुद्धा नव्या ब्लेडचा कागद आपल्यासमोर फोडायला सांगा, संकोच करू नका. पण या बदलात एक विद्या मात्र हातातून निसटते आहे. ती कागदावर फारशी कुणी उतरवली नाही, बापाच्या शेजारी भट्टीपाशी बसून मुलगा शिकायचा.

वस्तऱ्याला लागतं ते साधं पण जास्त कार्बनचं पोलाद, म्हणजे शंभर भागात साधारण एक भाग कार्बन. इमारतीच्या सळईत तो फार कमी असतो, त्यामुळे सळई कितीही ठोकली तरी तिचा वस्तरा होत नाही. बेअरिंगचं पोलाद चालतं. जुनी कानसही चालते, मात्र हल्लीच्या काही स्वस्त कानशी फक्त वरवर कडक केलेल्या असतात, आत मऊ लोखंड निघतं.

आधी ठोकून आकार द्यायचा. पाठ जाड, साधारण पाच मिलिमीटर, आणि पात्याची रुंदी अठरा-एकोणीस मिलिमीटर. हा हिशेब महत्त्वाचा आहे. सहाणेवर वस्तरा पाठ आणि धार दोन्ही टेकवून घासतात, म्हणून धारेचा कोन हातावर नाही, पाठीच्या जाडीवर ठरतो. तो पंधरा-सतरा अंशांचा असावा. धारेची बाजू मात्र या टप्प्यावर जवळपास एक मिलिमीटर जाड ठेवायची. आत्ताच पातळ केली तर पुढे आगीत ती पापडासारखी वाकते.

आता खरं काम. तापून लाल झालेल्या पोलादात कार्बन सगळीकडे विरघळून पसरतो. ते सावकाश थंड होऊ दिलं, तर कार्बन लोखंडापासून वेगळा होतो आणि पोलाद मऊ राहतं. झटक्यात थंड केलं, तर त्याला वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाच्या रचनेत अडकून तिला ताणून धरतो. कडकपणा येतो तो या ताणातून. आपण ज्याला ‘पाणी देणं’ म्हणतो आणि उर्दूत ‘आब देना’ म्हणतात, ते हेच. ‘आबदार’ शब्दातली चमक आणि धार दोन्ही इथलीच.

उष्णता मोजायला जुन्या कारागिराकडे फक्त डोळे होते. म्हणून हे काम सावलीत किंवा संध्याकाळी करायचे, कारण उन्हात लाल रंग फसवतो. आज एक सोपी खूण आहे: साधारण ७७० अंश सेल्सियसला लोखंड लोहचुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्या थोडं वर, ८०० च्या आसपास, पातं काढून बुडवायचं. जास्त तापवलं तर आतला कण जाड होतो आणि धार भुसभुशीत निघते.

नाव ‘पाणी’ असलं तरी वस्तरा बहुधा तेलात बुडवतात. पाण्यात पातळ पातं इतक्या जोरात आखडतं की ‘टिक्’ असा आवाज येतो आणि चीर पडते. कोमट तेल, सरळ उभं बुडवणं, आडवं न हलवणं, एवढं सांभाळावं लागतं. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून भांडं धातूचं आणि झाकण हाताशी हवं. पेटलेल्या तेलावर पाणी कधीच टाकायचं नाही. व्हिडिओ बघून घरी प्रयोग करणाऱ्या मुलांना एवढं तरी सांगाच.

बाहेर आलेल्या पात्यावर कानस घसरली, तर ते कडक झालं. पण ते काचेसारखं ठिसूळ असतं, खाली पडलं तर दोन तुकडे. म्हणून लगेच १८० ते २०० अंशांवर तास-दोन तास शेकायचं. पृष्ठभागावर फिकट गवती रंग येतो. ताण थोडा सैलावतो, कडकपणा मात्र राहतो. नंतर चाकावर दोन्ही बाजू पोकळ घासतात. दर दोन फेऱ्यांनी पातं पाण्यात बुडवतात आणि बोटांना चटका बसला की थांबतात. शेवटी बारीक होत जाणाऱ्या सहाणा आणि चामड्याचा पट्टा.

दख्खनच्या पोलादाचं नाव या कामात जुनं आहे. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रम् भागात मुशीत वितळवलेलं पोलाद बनायचं, ते इराणपर्यंत जायचं. लंडनचा हत्यारं बनवणारा जेम्स स्टोडार्ट या हिंदुस्थानी पोलादावर फिदा होता. त्याने आणि मायकेल फॅराडेने मिळून पोलादाच्या मिश्रणांवरचे प्रयोग १८२० मध्ये प्रसिद्ध केले. त्या पोलादाचे वस्तरे फॅराडेने मित्रांना भेट दिले होते. विजेच्या धड्यात भेटणारा फॅराडे तो हाच.

घरात आजोबांचा वस्तरा पडून असेल तर जंतू मारण्यासाठी तो गॅसच्या ज्योतीवर धरू नका. धारेची कड काही सेकंदांत तीनशे अंशांवर जाते, निळी पडते आणि तिथलं पाणी उतरतं. मग सहाणेवर कितीही घासा, धार टिकत नाही. पुन्हा पाणी द्यायचं तर पुन्हा भट्टी, पुन्हा तेल, आणि आता कागदासारखं पातळ झालेलं ते पातं त्यातून सरळ बाहेर येणं जवळपास अशक्य.