वीतभर दाबाचा गॅस

पाइपने गॅस पुरवणाऱ्या कंपनीचा वर्षभराचा लेखाजोखा जाहीर झाला की बातमी दोनच आकड्यांची होते: नवी घरे किती जोडली आणि पाइप किती किलोमीटर टाकला. १९९५ साली स्थापन झालेली महानगर गॅस आज मुंबई, ठाणे आणि रायगड भागांत २० लाखांहून अधिक घरांत गॅस पोचवते. तिच्या वाहिन्यांचे जाळे ६,००० किलोमीटरच्या पुढे गेले आहे. खोदायला बोटभर जागा नसलेल्या शहरात हे काम सोपे नाही. तरीही अशा कंपनीची खरी कामगिरी जोखायची तर जोडणी दिल्यानंतर काय होते ते पाहावे, असे मला वाटते.

सुरुवात दाबापासून करू. वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनवर मोठ्या वाहिनीतला गॅस शहराच्या जाळ्यात उतरतो. पोलादी पाइपातून तो वातावरणाच्या कित्येक पट दाबाने पुढे जातो, मग टप्प्याटप्प्याने दाब उतरवत प्लास्टिकच्या पाइपात चार बारपर्यंत आणि इमारतीपाशी त्याहून खाली येतो. शेगडीपाशी उरतो तो जेमतेम २१ मिलिबार, म्हणजे वीतभर उंचीच्या पाण्याचा जेवढा दाब पडेल तेवढा. जळायला एवढा पुरतो आणि नळी सुटलीच तरी गॅस झोताने बाहेर पडत नाही.

वास ही दुसरी राखण. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ पासून जळणाऱ्या दगडी कोळशाच्या गॅसला स्वतःचाच उग्र दर्प होता. नैसर्गिक वायू म्हणजे प्रामुख्याने मिथेन, आणि त्याला वासच नसतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी असाच बिनवासाचा गॅस तळघरात साठला आणि स्फोटात सुमारे ३०० मुले व शिक्षक गेले. त्यानंतर तिथे गॅसला वास देणे कायद्याने सक्तीचे झाले. आज गंधकयुक्त मरकॅप्टन अत्यल्प प्रमाणात मिसळतात. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच तो पेट घेतो. वास मात्र त्या खालच्या मर्यादेच्या पाचव्या हिश्शालाच, एक टक्क्यापाशी, नाकाला कळला पाहिजे असा दंडक आहे. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो, तर सिलिंडरचा गॅस जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणूनच नवे किचन करताना छताजवळचा झरोका बुजवू नये. वास आलाच तर दिव्याच्या बटणाला हात न लावता व्हॉल्व्ह बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि फोन बाहेर जाऊन करावा.

आता रस्त्यावरच्या खड्ड्यात डोकावू. प्लास्टिकचे दोन पाइप जोडताना फिटर आधी त्यांच्या टोकांवरचा पातळ थर स्क्रेपरने खरवडतो, कारण हवेने जुनाट झालेला पृष्ठभाग नीट वितळून एकजीव होत नाही. मग दोन्ही टोके कपलरमध्ये बसवून शिकंजात पक्की धरतात. कपलरच्या आत तारेचे वेटोळे असते. यंत्र त्यावरचा बारकोड वाचते आणि सुमारे ४० व्होल्टचा प्रवाह ठरलेले सेकंद सोडते. आतले प्लास्टिक वितळते आणि कपलरवरची दोन बारीक बोंडे वर येतात. पण काम इथे संपत नाही. जोड थंड होईपर्यंत शिकंजा काढायचा नाही. पावसाळ्यात वर ताडपत्री धरून हे करावे लागते, कारण ओल्या टोकांवर जोड कच्चा राहतो. घाई केलेला जोड दिसायला अगदी चांगल्या जोडासारखाच दिसतो, म्हणून या कामात माणसाच्या सचोटीला पर्याय नाही.

इतक्या जपून टाकलेल्या पाइपाचा मोठा शत्रू म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या कामावर आलेला जेसीबी. पाइपाच्या वर मातीत इशाऱ्याची पट्टी पुरलेली असते, तरी बकेट खाली जातेच. अशा वेळी आणीबाणीचे पथक फुटल्या जागेच्या अलीकडे मोठ्या चिमट्याने पाइप दाबून चपटा करते. प्लास्टिक लवते आणि गॅस थांबतो. मोठ्या पोलादी वाहिनीवर हा उपाय चालत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्ब्याच्या खत कारखान्याच्या आवारात ‘गेल’ या कंपनीच्या वाहिनीला बाहेरच्या कामाने इजा झाली, वडाळ्याला येणारा गॅस घटला आणि सीएनजीसाठी रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या. घरांचा पुरवठा मात्र अग्रक्रमाने चालू ठेवला गेला.

त्यामागे गृहिणीच्या सोयीइतकाच सुरक्षेचाही विचार असतो. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांना ज्योत विझल्यावर गॅस आपोआप तोडण्याची सोय नसते. पुरवठा तुटून ज्योत गेली, बटण उघडेच राहिले आणि गॅस परत आला, तर तो न जळता घरात पसरेल. त्यामुळे इमारतीचा दाब एकदा शून्यावर गेला की घरोघरचे व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करूनच पुन्हा गॅस सोडावा लागतो. हजारो घरांच्या बाबतीत हे किती दिवसांचे काम होईल, याची कल्पना करता येईल.

गळती शोधायला आता लेझर आले आहेत. मिथेन अवरक्त प्रकाशाची ठरावीक तरंगलांबी शोषतो. परत आलेला प्रकाश जितका घटला तितका वाटेत मिथेन, असे हे गणित. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता अडवतो, त्यामुळे नाकाला न कळणारी गळतीसुद्धा शोधून बंद करायला हवी. वर्षभरात किती गळत्या सापडल्या, त्यांतल्या किती परक्या खोदाईमुळे झाल्या, फोन आल्यापासून पथक किती मिनिटांत पोचले आणि हिशेबात न लागलेला गॅस किती, हे चार आकडे नव्या जोडण्यांच्या आकड्याशेजारी तितक्याच ठळक अक्षरांत छापले जावेत.