हक्काचा कचरा, हक्काची कमाई

आमच्या कोथरूडच्या सोसायटीची सचिव म्हणून कचऱ्याचं मासिक शुल्क गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. दर वेळी कुणीतरी विचारतंच, "मालमत्ता कर भरतो ना आपण? मग हे वेगळे पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. हे पैसे महापालिकेच्या तिजोरीत जात नाहीत. रोज सकाळी दारात येणाऱ्या कचरावेचक ताईंची ती मजुरी आहे.

पुण्यात हे काम करणाऱ्यांत बहुतेक बायका, आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. पूर्वी त्या पाठीवर पोतं घेऊन कुंड्या आणि उकिरडे उपसायच्या. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक निवडून भंगारवाल्याला विकायच्या. शहराचा कचरा त्यांच्यामुळे कमी होत होता, कारखान्यांना कच्चा माल मिळत होता. त्यांच्या वाट्याला मात्र काचेच्या जखमा, कुत्र्यांचे चावे आणि चोरीचा आळ. 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी होते. एसएनडीटी महिला विद्यापीठात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी वस्त्यांमध्ये फिरून बायकांना एकत्र आणलं. मागणी दयेची नव्हती. आम्ही कामगार आहोत, तशी नोंद करा, एवढंच म्हणणं होतं. त्यातून महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली, पुढे आरोग्यविमाही मिळाला.

मोठा बदल त्यानंतरचा. 2007 मध्ये कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था नोंदवली गेली आणि 2008 मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. कुंडीत सडण्याआधीच, घराच्या दारात, कचरा त्यांच्या हाती येऊ लागला. कमाईच्या वाटा दोन झाल्या: घरटी शुल्क आणि सुक्या कचऱ्यातल्या भंगाराची विक्री. काम तेच, पण आता त्याला ठरलेली घरं, ठरलेली वेळ आणि ठरलेला मोबदला आला.

पर्यावरणाचा फायदाही याच रचनेत आहे. वजनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराला कचरा जितका जड तितका लाभ. वेगळं करण्यात त्याचं काहीच हित नाही. ताईंचं हित मात्र प्रत्येक पुठ्ठा, प्रत्येक बाटली बाजूला काढण्यात आहे. ॲल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा वापरला, तर खनिजापासून नवा धातू काढायला लागणाऱ्या ऊर्जेच्या साधारण 5 टक्क्यांत काम भागतं. ओला कचरा वेगळा निघून त्याचं खत झालं, तर ढिगाऱ्यात दबून मिथेन तयार होत नाही. शहराने मिसळून टाकलेल्या कचऱ्याची किंमत कचरा डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं दुर्गंधी आणि खराब पाण्याच्या रूपात मोजली आहे.

तरीही कष्टाला पुरेसं मोल मिळतंय, असं मी म्हणणार नाही. महापालिका त्यांना पगार देत नाही. भंगाराचे भाव पडले की कमाई पडते. एखाद्या घराने शुल्क थकवलं, तर ते थेट ताईंच्या घरखर्चातून जातं. आजारपणात पगारी रजा नाही. म्हणून आमच्या सोसायटीत आम्ही नियम केला: शुल्क देखभाल खर्चातच धरायचं आणि महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी द्यायचं. दारोदार मागत फिरायची वेळ त्यांच्यावर येता कामा नये. ओला-सुका वेगळा द्यायचा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वर्गीकरण करताना ते हाताने उघडावं लागत नाही.

नवे रोजगार निर्माण करायचे म्हटलं की आपल्याला कारखाने आणि गुंतवणूक आठवते. पण समाजाच्या गरजेची कितीतरी कामं लोक आधीपासून करताहेत, फक्त त्यांना नाव आणि मोल नाही. उद्या तुमच्या गावची नगरपालिका कचऱ्याचा ठेका काढेल, तेव्हा सभेत उभं राहून दोन गोष्टी विचारा: आज हे काम कोण करतं, आणि या करारात त्यांच्या हक्काचं काय लिहिलं आहे?