घरविक्रीतील दलाली : दोन टक्क्यांचा हिशेब

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात एखाद्या कुटुंबाने राहते घर विकायचे ठरवले, की वर्तमानपत्रात छोटी जाहिरात देण्यापूर्वीच ती बातमी नाक्यावरच्या इस्टेट एजंटपर्यंत पोहोचलेली असते. वॉचमन, शेजारी, सोसायटीच्या कार्यालयातील कारकून, कुणीतरी ती पोहोचवतोच. दुसऱ्या दिवशी फोन येतो, 'पार्टी तयार आहे' असे सांगितले जाते आणि बोलता बोलता दलालीचा आकडाही कानावर घातला जातो. एक कोटी रुपयांच्या सदनिकेवर दोन टक्के म्हणजे दोन लाख रुपये. एजंट जीएसटीसाठी नोंदणीकृत असेल, तर १८ टक्के दराने आणखी ३६ हजार. चार-सहा वेळा कुलूप उघडून घर दाखवण्याचे एवढे पैसे कशासाठी, असा प्रश्न विक्रेत्याच्या मनात येतो. तो रास्तही आहे. मात्र त्याचे उत्तर सरसकट 'होय' किंवा 'नाही' असे देता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, हा दर कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेला नाही. पुनर्विक्रीच्या व्यवहारात साधारणतः एक ते दोन टक्के अशी रूढी आहे आणि रूढी म्हटली की तिच्यात घासाघीस आलीच. परंतु भाजीच्या जुडीवर दोन रुपये कमी करून घेणारा मनुष्यही दलालीच्या बाबतीत 'बाजारभावच तो' असे ऐकून गप्प बसतो. दुसरी गोष्ट अशी की हीच टक्केवारी एजंट बहुधा खरेदीदाराकडूनही घेतो. म्हणजे एका व्यवहारात त्याच्या पदरात दोन नव्हे, चार टक्के पडतात. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

पूर्वी एजंट जी वस्तू विकत असे ती माहिती होती. कोणत्या इमारतीत घर विकाऊ आहे, कोण घेऊ पाहतो आहे, मागच्या महिन्यात शेजारच्या विंगमध्ये काय भाव आला, हे त्याच्या वहीत असे आणि अन्यत्र कुठेच नसे. ती मक्तेदारी आता मोडली आहे. '९९एकर्स' २००५ मध्ये आणि 'मॅजिकब्रिक्स' २००६ मध्ये सुरू झाले. २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या 'नोब्रोकर'ने तर नावातच आपला उद्देश सांगून टाकला. अर्थात संकेतस्थळांवर दिसतो तो मागितलेला भाव; मिळालेला नव्हे. मिळालेला भाव पाहायचा असेल तर राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील 'ई-सर्च' ही सुविधा अधिक उपयोगी पडते. वर्ष, गाव आणि मिळकतीचा क्रमांक भरला, की नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे बोलीभाषेतला 'इंडेक्स टू', पाहता येते. तिच्यात मोबदल्याची रक्कम आणि क्षेत्रफळ दोन्ही असतात. आपल्याच इमारतीतील गेल्या दोन-तीन वर्षांतील व्यवहार पाहण्यासाठी एक संध्याकाळ खर्च करणारा विक्रेता एजंटच्या तोंडच्या भावावर अवलंबून राहत नाही. काही दस्तांतील रक्कम रोखीच्या व्यवहारामुळे कमी दाखवलेली असू शकते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

माहितीचा प्रश्न असा बऱ्याच अंशी सुटला, तरी हिताचा प्रश्न उरतो. समजा, एक कोटीला जाऊ शकणारे घर एजंटच्या आग्रहावरून ९५ लाखांना दिले. विक्रेत्याचे पाच लाख गेले. दलालीत वाचलेले दहा हजार वजा केले तरी चार लाख ९० हजारांचे नुकसान झाले. दोन्ही बाजूंकडून दोन-दोन टक्के घेणाऱ्या एजंटचे नुकसान मात्र अवघे २० हजार. चार लाखांऐवजी तीन लाख ८० हजार मिळाले, पण व्यवहार याच आठवड्यात पक्का झाला आणि तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळण्यास मोकळा झाला. शेवटच्या पाच लाखांसाठी आणखी दोन महिने थांबणे विक्रेत्याला परवडते. एजंटला ते परवडत नाही. यात लबाडी असलीच पाहिजे असे नाही. टक्केवारीच्या पद्धतीतच हा कल आहे.

अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी हा कल मोजूनही पाहिला आहे. शिकागो विद्यापीठातील स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन यांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास केला. एजंट स्वतःच्या मालकीचे घर विकतात तेव्हा काय होते आणि ग्राहकाचे विकतात तेव्हा काय होते, याची त्यांनी तुलना केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधाचा निष्कर्ष असा, की एजंटांची स्वतःची घरे सुमारे साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात राहिली आणि इतर सारख्या घरांपेक्षा ३.७ टक्के अधिक किमतीला गेली. स्वतःच्या घरासाठी थांबणारा मनुष्य दुसऱ्याच्या घरासाठी तितका थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा अभ्यास विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहराचा आहे. तेथे मालकांनीच घरे विकण्यासाठी चालवलेले एक संकेतस्थळ बरेच लोकप्रिय होते. हेन्डेल, नेव्हो आणि ऑर्टालो-मॅग्ने या तिघांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की एजंटमार्फत विकलेल्या घरांना मालकाने स्वतः विकलेल्या घरांपेक्षा अधिक भाव आलेला नव्हता. मात्र एजंटची घरे लवकर विकली गेली आणि विकली जाण्याची शक्यताही अधिक होती. अमेरिकेचा बाजार वेगळा. तेथील आकडे उचलून डोंबिवलीला लावणे बरे नव्हे. परंतु दोन्ही अभ्यासांतून निघणारा अर्थ येथेही पटण्यासारखा आहे. विक्रेता एजंटकडून जे विकत घेतो तो अधिक भाव नसून वाचलेला वेळ आणि वाचलेली दगदग आहे.

अमेरिकेत मात्र निदान विक्रेत्याचा एजंट आणि खरेदीदाराचा एजंट हे सहसा दोन वेगळे असतात. दोघांचीही दलाली विक्रेत्याच्याच पैशांतून जाते या प्रथेविरुद्ध दावे झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरी राज्यातील ज्युरीने एजंटांची राष्ट्रीय संघटना आणि काही कंपन्यांविरुद्ध सुमारे १८० कोटी डॉलर भरपाईचा कौल दिला. मार्च २०२४ मध्ये त्या संघटनेने ४१.८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराने आपल्या एजंटशी आधी लेखी करार करण्याचा नियम आला. आपल्याकडे अनेकदा एकच मनुष्य दोन्ही बाजूंचा वकील असतो. विक्रेत्याची निकड तो खरेदीदाराला सांगतो आणि खरेदीदाराचे अंदाजपत्रक विक्रेत्याला. त्यातून व्यवहार जुळतो हे खरे. पण तो कुणाच्या बाजूने जुळला, हे सांगणे कठीण असते.

याहून धोक्याची रीत म्हणजे 'नेट' भाव. 'माझ्या हातात ९० लाख पडू द्या, वरचे तुमचे' असे विक्रेता मोठ्या समाधानाने म्हणतो. दलाली द्यावी लागली नाही याचा त्याला आनंद असतो. प्रत्यक्षात खरेदीदाराने ९७ लाख दिलेले असू शकतात. वरची रक्कम दस्तात दाखवायची की नाही, येथून पुढचा घोळ सुरू होतो. दाखवली तर कर विक्रेत्याच्या नावे लागतो. न दाखवली तर ती रोखीत फिरते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१५ पासून प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे.

आता दुसरी बाजू. घर दाखवणे हे एजंटच्या कामातील सर्वांत सोपे काम होय. खरी मेहनत टोकन घेतल्यानंतर सुरू होते आणि चांगला एजंट आपली दलाली तेथे कमावतो. जुन्या सोसायट्यांतील सदनिकांची कागदपत्रे क्वचितच सरळ असतात. १९७०-८० च्या दशकांतील कित्येक करारनामे नाममात्र मुद्रांकावर, नोंदणीविना झालेले आहेत. मधल्या मालकाचा एखादा करारनामा गहाळ असतो. मग पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत असा प्रवास घडतो. वडिलांच्या निधनानंतर शेअर सर्टिफिकेट नामनिर्देशनाच्या आधारे आईच्या नावे झालेले असते आणि आईच एकटी मालक, असा घरच्यांचा प्रामाणिक समज असतो. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. तिन्ही भावंडांची हक्कसोडपत्रे लागतील, हे खरेदीदाराच्या बँकेचा वकील सांगतो तेव्हा एक भाऊ न्यू जर्सीत आणि बहिणीचे व भावाचे बोलणे बंद, अशी परिस्थिती निघते. अशा वेळी तीन घरांत जाऊन, चहा पिऊन, प्रत्येकाचा रुसवा काढून सह्या गोळा करणारे एजंट आहेत. वकील मसुदा करून देतो; हे काम करत नाही.

विक्रेत्याचे स्वतःचे गृहकर्ज शिल्लक असेल तर आणखी एक गाठ असते. खरेदीदाराची बँक आधी विक्रेत्याच्या बँकेचे कर्ज फेडणार, मग मूळ कागद सुटणार, मग उरलेली रक्कम मिळणार. कर्ज फिटल्यानंतर मूळ कागद ३० दिवसांत परत करावेत, विलंब झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. तरी दोन बँकांच्या अधिकाऱ्यांना एका दिवशी एका टेबलावर आणणे ही वेगळीच कला आहे. त्यातच सोसायटी. ना हरकत प्रमाणपत्र सक्तीचे नाही, असे आदर्श उपविधी सांगतात. परंतु बँक ते मागते आणि समितीला ते ठाऊक असते. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५ हजार रुपयांहून अधिक घेता येत नाही, हे समितीला न दुखवता सांगणारा मनुष्य जवळ असणे बरे असते.

मालक परगावी किंवा परदेशी असेल, तर एजंटवाचून निभावणे अवघडच. आई-वडिलांच्या पश्चात दादर किंवा कोथरूडमधील बंद घर अमेरिकेतून विकणाऱ्या मुलांची संख्या आता थोडी नाही. येथे दोन पथ्ये पाळावीत. किल्ली एजंटला द्यावी, कुलमुखत्यारपत्र देऊ नये. ते नात्यातील व्यक्तीच्या नावे असावे. दुसरे म्हणजे कराचे. ५० लाख वा अधिक किमतीच्या घरावर खरेदीदाराने एक टक्का करकपात करायची, हे बहुतेक एजंटांना पाठ असते. पण विक्रेता अनिवासी असेल तर तो दर लागू होत नाही, कपात बऱ्याच अधिक दराने होते. हे न कळल्यामुळे अगदी शेवटच्या दिवशी व्यवहार अडतो. असा प्रश्न आधी सनदी लेखापालाला विचारावा.

एजंटवर कायद्याचा अंकुश किती? २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली आणि महारेराने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आणली. परंतु हे बंधन नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरते आहे. तीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतील सदनिकेची पुनर्विक्री त्या चौकटीत येत नाही. तरीही महारेरा क्रमांक असलेला एजंट निवडणे शहाणपणाचे. निदान त्याचे नाव-गाव नोंदलेले असते आणि संकेतस्थळावर पडताळता येते. उरतो तो १८७२ चा भारतीय करार कायदा. मालकाला न सांगता एजंटने स्वतःच्या हिशेबाने व्यवहार केला तर त्यातील लाभ मालक मागू शकतो. गैरवर्तन करणाऱ्या एजंटला त्या कामाचा मोबदला मागता येत नाही. तरतुदी जुन्या असल्या तरी धारदार आहेत. मात्र तोंडी ठरलेल्या गोष्टी सिद्ध करताना त्यांची धार बोथट होते.

म्हणून दोन पानी पत्र तरी करावे. त्यात दलालीचा दर, जीएसटी धरून की वेगळा, तो किती टप्प्यांत द्यायचा, आणि एजंट खरेदीदाराकडूनही घेणार की नाही, हे स्पष्ट असावे. सर्व रक्कम टोकनच्या दिवशी देऊ नये. निम्मी करारनाम्याच्या नोंदणीला आणि निम्मी पूर्ण मोबदला मिळून ताबा देताना, ही पद्धत दोघांनाही न्याय्य आहे, कारण कठीण काम या दोन टप्प्यांच्या मध्येच असते. दहा एजंटांना घर दाखवायला सांगितल्याने दहापट गिऱ्हाईके येतील हा गैरसमज आहे. तीच चार गिऱ्हाईके दहा जणांमार्फत येतात, प्रत्येक जण वेगळा भाव सांगतो आणि घर अडलेले आहे अशी हवा होते. एकाला साठ-नव्वद दिवसांची मुदत देऊन, किमान किंमत स्वतः ठरवून काम सोपवावे.

मोठ्या संकुलातील, स्वच्छ कागदपत्रांचे, कर्जमुक्त घर आणि हाताशी सहा महिने असतील, तर स्वतः जाहिरात देऊन, ठरावीक शुल्कावर वकील नेमून घर विकणे सहज शक्य आहे. एजंट घेतलाच तर एका टक्क्याहून अधिक देण्याचे कारण नाही. वारसांचा गुंता, गहाळ दस्त, कर्ज आणि परगावचा मालक यांपैकी दोन गोष्टी जरी असल्या, तर काम तडीस नेणाऱ्या एजंटला दोन टक्के देताना कुरकुरू नये.

दलाली कितीही ठरो, ती धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी आणि पावती घ्यावी. विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफा मोजताना विक्रीच्या रकमेतून वजा करता येते. साडेबारा टक्के दराने कर भरावा लागणाऱ्या विक्रेत्याचे दोन लाखांच्या पावतीवर सुमारे २५ हजार रुपये वाचतात. 'पावती नको, जीएसटी वाचेल' म्हणून रोख देणारा विक्रेता ३६ हजार वाचवतो, हे २५ हजार गमावतो आणि पुढे वाद उद्भवला तर त्याच्या हाती पुरावाही राहत नाही.