बीपीची गोळी आणि सुजलेले घोटे

बीपीच्या गोळीने रक्त पातळ होतं, असं सांगणारे घरोघरी भेटतात. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या वेगळ्या असतात. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ॲम्लोडिपिन रक्ताच्या वाटेलाच जात नाही. तिचं काम चालतं ते रक्तवाहिनीच्या भिंतीत. लहान धमन्यांभोवती स्नायूंचं वेटोळं असतं. त्या पेशींत कॅल्शियम शिरलं की स्नायू आवळतो, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. ॲम्लोडिपिन कॅल्शियमची ही आत शिरायची वाट अडवते. स्नायू सैलावतो, दाब उतरतो.

‘कॅल्शियम अडवते’ एवढंच कानावर पडलं की हाडं ठिसूळ होण्याची धास्ती सुरू. पण रक्तातलं किंवा हाडांतलं कॅल्शियम ही गोळी कमी करत नाही. दूध, नाचणी खुशाल चालू ठेवा.

‘शेजाऱ्यांना 40 ची गोळी आहे, मला फक्त 5 ची,’ हा हिशेबही फसवा. टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम आणि ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम ही दोन वेगळी औषधं; त्यांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो ‘आज बरं वाटतंय, आज नको’ हा विचार. ॲम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 30 ते 50 तास लागतात आणि रोज घेतल्यावर पूर्ण परिणाम जमायला आठवडाभर जातो. त्यामुळे डोकं दुखलं की एक गोळी, याला अर्थ नाही. उलट गोळी सोडल्यावरही एक-दोन दिवस आकडा चांगलाच दिसतो आणि माणूस म्हणतो, ‘बघा, गोळीशिवायही नॉर्मल!’ दाब चढतो तो त्यानंतर, हळूहळू. याला गोळीची ‘सवय लागली’ म्हणायचं कारण नाही. मूळ दुखणं तिथेच होतं.

आता घोटे. संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो, चप्पल घट्ट होते आणि घरचे किडनीवर शंका घेतात. बहुतेकदा कारण साधं असतं. गोळीने धमन्या रुंदावतात, पण रक्त परत नेणाऱ्या शिरा तितक्या रुंदावत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि उभ्या माणसाच्या घोट्यांशी साचतं. 10 मिलिग्रॅमवर हे जास्त दिसतं. शरीरात पाणी वाढल्यामुळे ही सूज आलेली नसते, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. मेडिकलवाल्याकडून ती परस्पर आणणं तर चुकीचंच. डॉक्टर डोस कमी करतात, सोबत टेल्मिसार्टनसारखं औषध जोडतात किंवा गोळी बदलतात.

मात्र एकच पाय सुजला, दम लागला किंवा तोंडावर सूज आली, तर गोळीला दोष देत घरी बसू नका. त्याच दिवशी तपासून घ्या. आणि नुसते घोटे सुजले असतील तर गोळी मनाने बंद न करता पट्टी सोबत घेऊन डॉक्टरांना पाय दाखवा.