सकाळची बोट, घारापुरीचं बेट

ग्रीसचे फोटो बघून जळण्यापेक्षा एक रविवार गेट वेवरून बोट पकडा. गावाहून आई-बाबा आले असतील तर उत्तमच! फक्त दोन गोष्टी सोडू नका : लाइफ जॅकेट आणि गाइड.

ऑफिसमधलं कुणीतरी ग्रीसला जाऊन येतं आणि मग सोमवारी लंच टाइमला फोटोंचं प्रदर्शन भरतं. पांढरी घरं, निळाशार समुद्र, गॉगल, हॅट, हातात कसलं तरी गार पेय. त्यात हमखास दहा-बारा फोटो असतात ते बोटीच्या 'डे ट्रिप'चे. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर हा ठरलेला धंदा आहे. सकाळी बोटीत बसायचं, बेटावर उतरायचं, गाइडच्या मागे तीन-चार तास हिंडायचं, संध्याकाळी परत. नेपल्सहून कॅप्रीला जायचं, मिकोनॉसहून डेलॉसला.

यातलं डेलॉस भारी इंटरेस्टिंग. मिकोनॉसहून अर्ध्या तासावरचं हे बेट म्हणजे अपोलो देवाचं जन्मस्थान, अशी ग्रीक लोकांची श्रद्धा. पडकी देवळं, संगमरवरी सिंह आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९९०पासून नाव. पुरातत्त्व खात्याची मोजकी माणसं सोडली तर रात्री तिथं कुणाला राहता येत नाही. प्राचीन काळी तर या पवित्र बेटावर जन्माला यायला आणि मरायलाही बंदी होती!

आता जरा आपल्याकडे बघा. देवाचं बेट आहे. दगडातली शिल्पं आहेत. युनेस्कोचा शिक्का आहे, तोही १९८७चा, म्हणजे डेलॉसच्या तीन वर्षं आधीचा. संध्याकाळची शेवटची बोट चुकू नये म्हणून होणारी पळापळसुद्धा आहे. व्हिसा लागत नाही आणि अंतर गेट वे ऑफ इंडियापासून जेमतेम अकरा किलोमीटर. आपण त्याला एलिफंटा म्हणतो, तिथली माणसं घारापुरी म्हणतात. फरक एकच, पण मोठा. डेलॉस संध्याकाळी रिकामं होतं. घारापुरीत संध्याकाळी माणसं घरी परततात.

सेनगाव ते गेट वे

खरं सांगा, मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी किती जण स्वतःहून एलिफंटाला गेलेत? शाळेची सहल सोडून बोला! हा प्लॅन बनतो तो गावाकडून कुणी आलं की.

समजा, तुमचं गाव सेनगाव. हिंगोली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. शेतात सोयाबीन, तूर, हळद. पाणी म्हणजे विहिरीचं, बोअरचं, फार तर पूर्णेवरच्या येलदरी धरणाचं. समुद्र टीव्हीवर पाहिलेला. सेनगावला रेल्वे नाही, पण जालन्यापर्यंत येणारी मुंबईची जनशताब्दी ऑगस्ट २०२४मध्ये हिंगोलीपर्यंत वाढवली गेली आणि आई-बाबांचं येणं जरा सोपं झालं. पहाटे हिंगोलीला गाडीत बसायचं, संध्याकाळी सीएसएमटीला उतरायचं.

पण आल्यावर करायचं काय? मॉलमध्ये आई सरकत्या जिन्यापाशी थबकते. कॉफीचा भाव ऐकून बाबा मेन्यूकार्ड मिटवून ठेवतात. सिद्धिविनायक झाला, राणीचा हार झाला. तुम्हाला सुट्टी फक्त रविवारची. अशा वेळी घारापुरी हा झक्कास पर्याय आहे, कारण इथं आई-बाबांना आपण अडाणी असल्यासारखं वाटत नाही. उलट काही बाबतीत त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. कसं ते पुढे बघूच.

पाण्यावरचा एक तास

गेट वेच्या धक्क्यावरून बोट सुटते आणि साधारण तासाभराने बेटावर पोचते. वरच्या डेकवर बसायचे थोडे जादा पैसे घेतात, ते द्या. ताजमहाल हॉटेलचा घुमट हळूहळू लहान होत जातो. नौदलाची राखाडी जहाजं दिसतात. हिवाळ्यात गेलात तर पांढरे कुरव पक्षी बोटीसोबत उडत येतात. मग तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप लागतं. उत्तरेकडे जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेला अटल सेतू आणि समोर न्हावा-शेवा बंदराच्या उंचच उंच क्रेन. हळद पिकवणाऱ्या बाबांना इथं सांगा, की परदेशी जाणारा माल अशाच बंदरातून कंटेनरमध्ये बसून जातो. फोटो काढायचं सोडून ते त्या क्रेनकडेच बघत बसतील.

आता थोडं गंभीर. याच मार्गावर १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी 'नीलकमल' ही प्रवासी बोट गेट वेहून एलिफंटाला निघाली होती. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक स्पीडबोट नियंत्रण सुटून तिच्यावर आदळली. १५ जणांचा जीव गेला. शंभराच्या आसपास माणसं वाचली, कारण नौदल, तटरक्षक दल आणि पोलिसांच्या बोटींबरोबरच आसपासच्या बोटीही वेगानं मदतीला धावल्या. त्यानंतर या मार्गावर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचं झालं.

ते जाडजूड नारिंगी जॅकेट फोटोत छान दिसत नाही, हे मान्य. उकडतंही. पण धडक व्हायला काही सेकंद पुरतात आणि त्या गोंधळात बाकाखालचं जॅकेट शोधून, आईच्या पदरावरून चढवून, त्याचे पट्टे बांधायला वेळ मिळत नाही. म्हणून बोट सुटायच्या आधीच पट्टे बांधून बसा. बोटीत जॅकेटं पुरेशी नसतील किंवा बोट खच्चून भरलेली दिसली, तर सरळ उतरा आणि पुढची पकडा. ज्यांना पोहता येत नाही अशा माणसांना आपण समुद्रात घेऊन जातोय. इथं भिडस्तपणा कामाचा नाही.

गाइड कशाला? फोन आहे की!

बेटाच्या धक्क्यावर उतरलं की छोटी टॉय ट्रेन, मग दोन्ही बाजूंनी दुकानं असलेल्या १२० पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर डोली मिळते. वर पोचलं, की बहुतेक मंडळी लेण्यात शिरतात, 'ब्रह्मा-विष्णू-महेश' बघतात, सेल्फी काढतात आणि वीस मिनिटांत कणीस खायला बाहेर! एवढा समुद्र ओलांडून यायचं आणि वीस मिनिटांत परतायचं?

म्हणून गाइड घ्या. ओळखपत्र बघून, पैसे आधी ठरवून, पण घ्याच. चांगला गाइड पहिला धक्का देतो तो त्या प्रसिद्ध मूर्तीपाशी. उत्तरेकडच्या दारातून आत गेलं, की समोर दक्षिणेच्या भिंतीत, अंधारातून हळूहळू वर येणारी, वीस फुटांच्या आसपास उंचीची ती तीन मुखं. पण ती ब्रह्मा, विष्णू, महेश नाहीत. तिन्ही शिवाचीच आहेत. मधलं शांत. आपल्या डाव्या हाताचं रागीट, भुवया चढलेलं, हे भैरवाचं रूप. उजव्या हाताचं कोवळं, बायकी, हातात कमळ घेतलेलं. चौथं मुख खडकाकडे, ते दिसतच नाही. संहार, शांती आणि माया एकाच देहात. अभ्यासक या मूर्तीला सदाशिव म्हणतात.

मग गाइड बाकीच्या भिंती वाचून दाखवतो. दाराच्या दोन अंगांना नाचणारा नटराज आणि ध्यानात बसलेला योगीश्वर समोरासमोर. एकाच देवाची दोन टोकं दारातच भेटतात. एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगा झेलणारा शिव. कल्याणसुंदर म्हणजे लग्नाच्या शिल्पात लाजलेली पार्वती शिवाच्या उजवीकडे उभी आहे. लग्न लागेपर्यंत नवरी उजवीकडे, बायको झाली की डावीकडे. म्हणजे इथं लग्न अजून पूर्ण झालेलं नाही! हे आईला सांगावं लागणार नाही, तिनंच ते तुम्हाला सांगितलं तर नवल नको. आणि पूर्वेकडच्या एका शिल्पात लग्नानंतरची गंमत. कैलासावर सारीपाटाचा डाव चाललाय आणि पार्वती रुसून तोंड फिरवून बसलीये. त्याच बाजूला रावण अख्खा कैलास गदागदा हलवतोय. घरोघरचीच गोष्ट, फक्त दगडात.

सेनगावच्या माणसाला इथं आणखी एक गोष्ट चटकन जाणवेल. आपल्या जिल्ह्यातलं औंढा नागनाथचं ज्योतिर्लिंग. तिथं शिल्पांची सगळी श्रीमंती देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर आणि लिंग खाली तळघरात. अरुंद जागेतून वाकत, सांभाळत उतरावं लागतं. घारापुरीत बरोब्बर उलटं. डोंगर चढून जायचं, शिल्पं सगळी आत आणि लिंगाच्या गाभाऱ्याला चार दिशांना चार दारं, दारांवर उंच द्वारपाल. तिथं देवापर्यंत वाकून जावं लागतं, इथं देव चारी बाजूंनी मोकळा. औंढा दगडावर दगड रचून बांधलं. घारापुरी दगड काढून टाकत टाकत कोरली. खांब उभे केलेले नाहीत, ते शिल्लक ठेवलेत. छिन्नीचा एक घाव चुकला तर तो भरून काढायची सोय नाही.

हे कुणी केलं? लेणी साधारण सहाव्या शतकातली आणि अनेक अभ्यासक ती कलचुरी राजांच्या काळातली मानतात. इथला शिलालेख पोर्तुगिजांनी हलवला आणि तो हरवला, त्यामुळे करवून घेणाऱ्याचं नाव भिंतीवर नाही. 'एलिफंटा' हे नावही पोर्तुगिजांचंच, बेटावरच्या दगडी हत्तीवरून पडलेलं. तो हत्ती इंग्रजांनी विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, म्हणून मुंबईतच राहिला. जोडलेला हत्ती आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. आई-बाबा आणखी एक दिवस थांबणार असतील तर तोही बघून या.

बेट कुणाचं?

लेण्यांतून बाहेर पडल्यावर हातात तास-दीड तास उरतो. माकडांनी पिशवी पळवली नसेल तर जेवण करा आणि मग थोडं खालच्या गावाकडे बघा. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातल्या या तीन वस्त्या. पायऱ्यांवरचे दुकानदार, डोलीवाले, जेवण वाढणाऱ्या ताई ही बहुतेक इथलीच माणसं. समोर मुंबई रात्रभर झगमगत असायची आणि या घरांना दशकानुदशकं आधार होता तो संध्याकाळी काही तास चालणाऱ्या डिझेल जनरेटरचा. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८मध्ये! स्वातंत्र्याला सत्तर वर्षं उलटून गेल्यावर.

खेड्यातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लोडशेडिंग, रात्री शेताला पाणी द्यायला जाणं, दवाखान्यासाठी तालुक्याला पळणं हे त्यानं भोगलेलं असतं. गंमत बघा, तुम्ही ज्या ताईंशी दहा रुपयांसाठी घासाघीस करत असता, त्यांच्याशी आई पाच मिनिटांत पाणी, पोरं, शाळा यांवर गप्पा मारत बसलेली असते.

या बेटाचं पोट आपल्या बोटीच्या वेळापत्रकावर चालतं. मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे देशभरातली संरक्षित स्मारकं बंद झाली, तेव्हा पर्यटकांच्या बोटी थांबल्या आणि पायऱ्यांवरची दुकानं ओस पडली. पावसाळ्यात समुद्र खवळला की तेच. दर सोमवारी लेणी बंद, म्हणजे सोमवारी कमाई बंद. म्हणून डबा घरून नेलात तरी बेटावर काहीतरी खा. गाइड तिथलाच मिळाला तर त्याला पसंती द्या. आपल्या तीन-चार तासांत तिथल्या घरांचा दिवस निघतो.

आणि प्लॅस्टिकची बाटली परत आणा. बेटाला कचरा टाकायला दुसरी जागा नाही.

प्लॅन करताय?

- वार : सोमवार सोडून कुठलाही. रविवारी गर्दी असते, रजा मिळत असेल तर मधला वार निवडा.
- सीझन : नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात हवामान बघून बोटी बंद ठेवतात, आधी चौकशी करा.
- वेळ : सकाळी नऊच्या सुमाराची बोट पकडा. ऊन चढायच्या आत पायऱ्या संपतात आणि लेण्यांत गर्दीही कमी असते.
- परतीची बोट : शेवटची कितीला सुटणार हे उतरतानाच विचारून घ्या. पर्यटकांनी बेटावर रात्री मुक्काम करायचा नसतो.
- तिकिटं : बोटीचं वेगळं, लेण्यांचं वेगळं, शिवाय ग्रामपंचायतीचा छोटासा कर. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही. सुटे पैसे जवळ ठेवा.
- आई-बाबांसाठी : पाणी, टोपी, रोजच्या गोळ्या आणि पकड असलेल्या चपला. बोट लागत असेल तर निघण्याआधी पोटभर खाऊ नये, आवळासुपारी जवळ असावी.
- माकडांसाठी : काहीही नाही! खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नका.
- लाइफ जॅकेट : जातानाही आणि येतानाही. येताना सगळे दमलेले असतात, तेव्हाच ते काढून बाजूला ठेवलं जातं.