गाठीत रुजणारी गाठ

एका अवयवातल्या कर्करोगाच्या पेशी त्याच रुग्णाच्या शरीरातल्या दुसऱ्या, स्वतंत्रपणे वाढलेल्या गाठीत जाऊन रुजतात, असे क्वचितच आढळते. 1902 मध्ये बेरेंट यांनी जबड्याचा कर्करोग मूत्रपिंडाच्या कर्करोगात पसरल्याची नोंद केली. 1930 मध्ये फ्रीड यांना फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी मेनिन्जिओमात, म्हणजे मेंदूच्या आवरणावरच्या बहुधा साध्या गाठीत सापडल्या. पेशींना थारा देणाऱ्या गाठींत पुढेही हीच दोन नावे वारंवार आली, आणि हा निव्वळ योगायोग असावा असे मला वाटत नाही. या दोन्ही गाठींना रक्त भरपूर मिळते, म्हणून तिथे पेशी जास्त पोचतात, एवढेच त्यामागचे कारण, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा यकृतात प्रसार 241 जणींत होता आणि प्लीहेत अवघ्या 17 जणींत, खरे तर प्लीहेलाही रक्त काही कमी जात नाही. बियाण्याइतकीच जमीनही महत्त्वाची, हा त्यांचा निष्कर्ष बुलढाण्यातल्या घाटाखालच्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही: शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात पाऊस आणि बियाणे शेजारच्यासारखेच असले तरी पीक तसे येत नाही. मूत्रपिंडाच्या कर्करोगात चरबी आणि ग्लायकोजेनचा साठा असतो. मेनिन्जिओमा सावकाश वाढत वर्षानुवर्षे टिकतो, आणि स्तनाच्या अनेक कर्करोगांप्रमाणे त्याच्याही पेशींत बऱ्याचदा प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे रिसेप्टर असतात. रक्त पेशी आणून सोडते. त्या तगतात की नाही, हे अशा गोष्टींवर ठरत असावे.

इतक्या दुर्मीळ प्रकाराचा बुलढाण्याच्या रुग्णाशी काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे. संबंध निदानाशी आहे. ‘मेनिन्जिओमा’ एवढाच रिपोर्ट आला तर शस्त्रक्रियेनंतर उपचार संपले असे घरचे धरून चालतात. त्याच गाठीत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी असतील तर तो पसरलेला कर्करोग ठरतो आणि उपचारांची दिशाच बदलते. सूक्ष्मदर्शकाखाली अख्खी गाठ कधीच जात नाही, तिच्या निवडक तुकड्यांचे पातळ काप जातात. अशा वेळी जुना आजार ठाऊक असणे निर्णायक ठरते. शस्त्रक्रिया अकोल्यात, केमो छत्रपती संभाजीनगरला, पुढचा सल्ला नागपूर किंवा मुंबईत, अशी फिरती झाली की कागद विखुरतात. म्हणून जुने डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट जपून ठेवणे, आणि रुग्णालयाने मागितल्यावर जुने ब्लॉक व स्लाइड, म्हणजे आधीच्या गाठीचे जपलेले तुकडे व काप, देणे, मला नव्या यंत्राइतकेच मोलाचे वाटते. तपासणीच्या फॉर्मवर ‘पूर्वी स्तनाचा कर्करोग’ एवढी ओळ असली, तर पॅथॉलॉजिस्ट त्या गाठीचे आणखी तुकडे घेऊन पाहू शकतो.